मंडळाचं बिनसंवादाचं नाटक

उंदरांनी मुखवट्यांच्या हनुवट्या खाल्ल्या, तो कार्यशाळेचा तिसरा रविवार होता. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये स्टेजमागे एक कोठी आहे, तिथे आम्ही बारा मुखवटे वाळत ठेवले होते. जुनी वर्तमानपत्रं, मैद्याची खळ आणि वरून पांढरा रंग. खळीत मोरचूद घातलं की उंदीर तोंड लावत नाहीत. हे मी पुण्यात दोन वर्षं शिकले, पुढे वीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, आणि नेमकं या वेळी मोरचूद घालायचं विसरले. कोठीचं दार उघडलं तेव्हा बाराच्या बारा चेहरे वरच्या ओठापर्यंत शाबूत होते आणि खाली नुसत्या कुरतडलेल्या कडा.

मंडळाचे सचिव किल्ली द्यायला आले होते. ते म्हणाले, "चलो, कोणाला तरी आपलं नाटक आवडलं."

त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं, पण मला हसू आलं नाही. त्या दिवशी बावीसपैकी अकराच जण आले होते, आणि त्या अकरांना दाखवायला माझ्याकडे अर्धे चेहरे होते.

मी जबलपूरचीच. वडील दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत होते, खमरियाच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. घरात मराठी आणि दार ओलांडलं की हिंदी. पुण्याला मुखवटा आणि शरीराच्या हालचालींचं नाटक शिकायला गेले तेव्हा माझ्या तोंडचं "का"च्या जागी "काहून" ऐकून वर्गातले सगळे हसले होते. पहिले तीन महिने मी कमीत कमी बोलले. कोरा मुखवटा पहिल्यांदा घातला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, त्याचं एक कारण हेही होतं. कोरा मुखवटा म्हणजे ज्यावर हसू नाही, रडू नाही, वय नाही असा चेहरा. तो घालायचा, त्यानंतर बोलायचं नाही. मग जे काही सांगायचं ते खांद्यांनी, पाठीने, पायांनी.

म्हणूनच सचिव माझ्याकडे आले तेव्हा मला तेच सुचलं. ते रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, गढ्याला राहणारे, धडपडे गृहस्थ. मंडळाचं स्नेहसंमेलन जानेवारीत होतं आणि त्यांना नाटक हवं होतं.

"ताई, तुम्ही ते ड्रामाचं शिकून आलेल्या आहात. एखादं ऐतिहासिक बसवून द्या. दोन अंकी. तलवारी वगैरे मिळतात आपल्याकडे."

मी विचारलं, "संवाद कोण म्हणणार? तरुण मुलं मराठीत दोन वाक्यं सलग बोलत नाहीत."

"तेच तर. नाटकाच्या निमित्ताने बोलतील."

"नाही बोलणार. लाजतील आणि येणंच बंद करतील." मग मी त्यांना माझी कल्पना सांगितली. लोकांनी स्वतःच मिळून घडवलेलं नाटक. मुखवटे घालून, न बोलता. इथे जन्मलेले आणि परवा नाशिकहून बदली होऊन आलेले, चांगलं मराठी बोलणारे आणि न बोलणारे, सगळे एका पातळीवर येतील.

ते म्हणाले, "म्हणजे मराठी मंडळाचं नाटक, आणि त्यात मराठी नाही?"

"मराठी माणसं असतील ना."

"अच्छा," ते म्हणाले. ते "अच्छा" होकाराचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण दुसरं कोणी नाटक बसवायला तयार नव्हतं, म्हणून ऑक्टोबरपासून दर रविवारी दुपारी तीन ते पाच हॉल मला मिळाला.

पहिल्या रविवारी बावीस जण आले ते बहुतेक कुतूहलाने. मी सांगितलं, हॉलभर चाला, कोणाशी बोलू नका, फक्त चाला. दोन मिनिटांत हसणं सुरू झालं. एका काकांनी विचारलं, "मॉर्निंग वॉक आहे का?" नाशिकहून आलेल्या जोडप्याने चालता चालता फोनवर फोटो काढले. फॅक्टरीतून निवृत्त झालेले दुसरे एक काका दर दहा मिनिटांनी विचारत, "संवाद कधी देणार?" मी म्हणे, संवाद नाहीत. ते मान हलवत आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारत. त्यांची खात्रीच होती, की मी संवाद लपवून ठेवलेत.

मी घरी येऊन नवऱ्यावर चिडत असे. तो म्हणे, "नको करू मग." आणि त्यावर मी आणखी चिडत असे.

खमरियाहून एक मुलगी यायची. तेवीस वर्षांची, कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवणारी. तिची आई मराठी शिकवून थकली होती. मुलीला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. स्कूटरवरून एवढ्या लांबून यायची आणि एकही रविवार चुकवायची नाही. मी एकदा विचारलं, तुला यात काय आवडतं. ती म्हणाली, "दीदी, यहाँ कोई बोलने को नहीं कहता." कार्यशाळेत माझ्या बाजूने असलेली ती एकटीच होती असं म्हटलं तरी चालेल.

मुखवटे पुन्हा केले. या वेळी मोरचूद घातलं, आणि वाळवायला माझ्या घरी गच्चीवर नेले. त्यात दोन आठवडे गेले. तोवर आम्ही नऊ जण उरलो होतो. सचिवांच्या कानावर ते गेलं. ते फोनवर म्हणाले, "काळजी करू नका, मी आमच्या हिला पाठवतो. निदान संख्या तरी दिसेल."

अशा रीतीने वहिनी आल्या. सचिवांच्या पत्नी, पंचावन्नच्या आसपास, ठेंगण्या, पाठीत किंचित वाकलेल्या. मी त्यांना मंडळात हळदीकुंकवाला पाहिलं होतं, त्यापलीकडे ओळख नव्हती. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला एकच घंटा बसता येईल. सासूबाई पडून असतात. शेजारीण बसते तोवर." आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, आणखी एक.

त्या रविवारी मी एक काम दिलं होतं. आपले हात रोज जे काम करतात ते करून दाखवायचं. हातात वस्तू नाही, चेहऱ्यावर मुखवटा. पाठ फिरवून मुखवटा घालायचा, श्वास घ्यायचा, मग वळायचं. एकाने चहा केला. एकाने फोन चाळला, त्यावर सगळे हसले. संवादवाल्या काकांनी लेथ मशीन चालवलं, ते खरं तर चांगलं होतं, पण मध्येच त्यांनी तोंडाने मशीनचा आवाज काढला. मुखवट्यात बोलायचं नाही म्हटल्यावर म्हणाले, "मी कुठे बोललो? मशीन बोललं."

शेवटी वहिनी उरल्या. मी म्हटलं, नको असेल तर राहू द्या. त्या पुढे आल्या, पाठ फिरवून मुखवटा घातला, पदर खोचला आणि वळल्या.

त्या वाकल्या आणि त्यांनी एक हात कुणाच्या तरी मानेखाली सरकवला. दुसरा गुडघ्यांखाली. क्षणभर थांबल्या, जसं आपण समोरच्याला "उचलते हं" असं सांगताना थांबतो. मग आपलं सगळं वजन मागच्या पायावर घेऊन त्यांनी ते शरीर कुशीवर वळवलं. एका हाताने धरून ठेवलं आणि दुसऱ्याने चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणली. नवी चादर जुनीच्या शेजारी सरकवली. पुसलं, वरून खाली, पुन्हा कापड बदलून. पाठीवर एक जागा होती तिथे हात हलका झाला. मग पलंगाच्या पलीकडे जाऊन तेच उलट बाजूने. शेवटी टाचा उचलून पाहिल्या, एक आणि मग दुसरी. कपाळावरचे केस मागे सारले. सगळं झाल्यावर सरळ उभ्या राहिल्या, स्वतःचे हात नाकाशी नेले आणि पदराला पुसले.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. काकांनी संवादाचं विचारलं नाही. पाच-सहा मिनिटांचं असेल ते, पण मी शिकताना आणि शिकवताना जे काही पाहिलं होतं त्यात इतकं अचूक काही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कधी नाटकात काम केलेलं नव्हतं. जे शरीर तिथे नव्हतं त्याचं वजन आम्हा सगळ्यांना दिसलं होतं.

मुखवटा काढून त्या म्हणाल्या, "चलते मी. घंटा झाला."

त्या संध्याकाळी मी नाटकाचा आराखडा लिहून काढला. सहा माणसं, सहा कामं, एक दिवस. लेथ मशीन, चहा, फळ्यावर गणित शिकवणं, दुकानाचं शटर, पोळ्या. आणि मधोमध वहिनींचं काम, ज्याच्या भोवती बाकीची थांबतात. पुढच्या रविवारी मी वहिनींना विचारलं, "हे घेतलं तर चालेल ना?"

त्या म्हणाल्या, "अच्छा, ठीक आहे."

सचिवांच्या "अच्छा"ने मी फसले होते, तरीही या "अच्छा"चा मी होकार धरला. मला तो हवा होता म्हणून धरला. त्यांना नीट बसवून, हे कोण पाहील, घरी काय म्हणतील, असं मी विचारलं नाही. आज मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. लोकांचं जगणं लोकांनीच मांडायचं, असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि त्यांचं जगणं मात्र मी एका कागदावर मांडून मोकळी झाले होते.

त्यानंतरचे तीन रविवार बरे गेले. वहिनी पंधरा मिनिटं आधी यायला लागल्या. मुखवटा घातला की त्यांच्या पाठीतला बाक कमी झाल्यासारखा दिसायचा. एकदा त्या मला म्हणाल्या, "घरी करते तेव्हा मी दुसराच विचार करत असते. भाजी, औषध, गॅसचा नंबर. इथे करताना तेच करते फक्त." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं आणि मला वाटलं, आता सगळं जमलं.

मग जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात आमच्यातल्याच एका बाईंना सचिव भेटले. बाईंनी कौतुकानेच सांगितलं असणार, की तुमच्या मिसेस काय काम करतात हो, सासूबाईंचं सगळं कसं हुबेहूब दाखवतात. पुढच्या रविवारी सचिव तीन वाजता हॉलमध्ये हजर होते. वहिनी दाराशी उभ्या होत्या. मुखवटा त्यांच्या हातात होता.

"ताई, एक मिनिट," सचिव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझी आई शाळेत मुख्याध्यापिका होती. अर्ध्या मंडळाला तिने शिकवलं आहे. तिची ही दशा तुम्ही स्टेजवर दाखवणार?"

"दशा नाही दाखवत. काम दाखवतो आहोत. वहिनींचं काम."

"काम कोणाचं आहे ते लोकांना समजत नाही का?"

"मुखवटा असतो, भाऊ. चेहरा दिसत नाही."

"मुखवटा असला म्हणून काय झालं? हिला लोक चालण्यावरून ओळखतात." चेहरा झाकला की माणूस जास्तच ओळखू येतो, हे मी स्वतःच पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. ते पुढे म्हणाले, "मी आईसाठी काय कमी करून राहिलो? वर-खाली होणारा पलंग आणला. डॉक्टर घरी येतात. रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो. मंडळासमोर आमच्या घरातलं पांघरूण कशाला काढायचं?"

त्यांचे डोळे भरले होते. हा माणूस दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलतील म्हणून थांबले. त्यांनी मुखवटा टेबलावर ठेवला, मी शिकवला होता तसा, चेहरा वर करून. मग चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या.

मला सचिवांपेक्षा त्यांचा राग आला. तीन आठवडे ती बाई माझ्यासमोर ताठ उभी राहात होती आणि एक वाक्य तिला बोलता येऊ नये. उरलेला सगळा वेळ मी सगळ्यांवर खेकसत राहिले. काकांनी मशीनचा आवाज काढला तेव्हा मी त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते निमूट गेले आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. नंतर मलाच जाऊन त्यांना आत बोलवावं लागलं.

मंगळवारी सकाळी मी गढ्याला वहिनींच्या घरी गेले. सचिव बँकेत गेले असतील अशी वेळ काढून. वहिनींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "भांडायला आल्या का?"

"समजवायला आले."

"बसा. आधी हात धुवा. जरा मदत लागेल."

आतल्या खोलीत सासूबाई पडून होत्या. पांढरे, विरळ केस, स्वच्छ विंचरलेले. वहिनींनी खोलीचं दार आतून लावलं आणि कडी घातली. मला म्हणाल्या, तुम्ही खांद्याला धरा. आणि त्यांनी मानेखाली हात सरकवला, गुडघ्यांखाली सरकवला, थांबल्या. "आई, वळवते हं." मी तो थांबा हॉलमध्ये इतक्यांदा पाहिला होता. इथे त्या थांब्यात आजींनी डोळे मिटून घेतले. मी धरलं होतं, तरी मला ते नीट जमलं नाही. माझी पकड चुकली, आजी कण्हल्या, आणि वहिनींनी मला हलकेच बाजूला करून एकटीने सगळं उरकलं.

नंतर स्वयंपाकघरात मी माझं भाषण सुरू केलं. हे काम तुमचं आहे, ते दाखवायचा हक्क तुमचा आहे, वगैरे. त्या गॅसकडे तोंड करून चहा करत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "यांच्याशी कशाला भांडू मी? एका नाटकासाठी? मला यांच्यासोबत राहायचं आहे, ताई. तुम्हाला नाही."

त्यांनी चहा गाळला आणि कप माझ्यापुढे ठेवला.

"त्या खमरियाच्या पोरीला पाठवून द्या," त्या म्हणाल्या. "मी शिकवते तिला. ती करेल. मला लोक ओळखतात, तिला करताना कोण ओळखणार?"

मी म्हटलं, असं दुसऱ्याचं काम उचलून देता येत नाही, तुमची दहा वर्षं आहेत त्यात. त्या म्हणाल्या, "अकरा. आणि मलाही कोणीतरी शिकवलंच की. दवाखान्यात नर्स होती, तिने." मला ते पटलं नाही. पण जानेवारी जवळ आला होता आणि माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

मुलगी चार दुपारी गढ्याला गेली, सचिव मंडळाच्या कामाला बाहेर असतील अशा वेळी. मला वाटलं होतं वहिनी तिला उशीवर शिकवतील. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला आजींचे गुडघे धरायला लावले. आजींना आधी विचारलं होतं. बोलणं पुसट झालं होतं तरी त्यांनी मान हलवली म्हणे. मुलगी मला रविवारी म्हणाली, "दीदी, आजी बहुत हल्की हैं. मला भीती वाटली की..." आणि पुढचं तिला मराठीत सुचेना, हिंदीतही सुचेना. तिच्या तोंडून सलग मराठी तुकडा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि तो अर्धाच राहिला.

स्नेहसंमेलन रविवारी संध्याकाळी सहाला होतं. आम्हाला पंचेचाळीस मिनिटं दिली होती, ती आधी तीस झाली आणि शेवटी सत्कार लांबले म्हणून वीस. समितीने आमच्या नकळत एक निवेदक उभा केला होता. न बोलण्याच्या नाटकाआधी तो मराठी भाषेच्या थोरवीवर सात मिनिटं बोलला. मी विंगेत घड्याळ बघत उभी होते. आमच्या वीस मिनिटांतली सात गेली. मी खुणेने शटर आणि पोळ्या काढून टाकायला सांगितल्या. दोन माणसं मुखवटा घालून तयार होती, ती तशीच विंगेत राहिली. त्यातल्या एकाने पुढे माझ्याशी बोलणं सोडलं, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मुलीने ते केलं. वहिनींसारखं नाही. तिचं शरीर तरुण आणि लांब, पाठ न वाकणारी. पण वजन दिसत होतं. थांबा होता. टाचा पाहणं होतं. हात नाकाशी नेण्याच्या जागी ती अडखळली आणि नुसतीच उभी राहिली. सभागृहात मागे मुलं खिदळत होती, समोर लोक गप्प होते. मी पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेकडे पाहत होते. सचिव तिथे बसले होते, आणि शेजारी वहिनी. आता ते उठतील, आता काहीतरी होईल, असं मला वाटत होतं. मी त्याची वाटच पाहत होते म्हणा ना. नाटक संपलं आणि ते टाळ्या वाजवत होते.

जेवणाच्या वेळी ते ताट घेऊन माझ्याकडे आले. चेहरा खुललेला.

"ताई, छान झालं. मी त्या दिवशी थोडं जास्तच बोललो. तुम्ही ते काढून टाकलंत, मन मोठं केलंत."

मला काही कळेना. मी म्हटलं, "काढून टाकलं?"

"हो ना. आणि त्या जागी त्या मुलीचं जे घातलं, ते सगळ्यात सुंदर. रजया-गाद्या उन्हात घालणं. उलटणं, गुंडाळणं, झटकून पुसणं. माझी आई दर थंडीत अशाच घालायची गच्चीवर, आम्ही पोरं त्यावर लोळायचो. सगळं डोळ्यासमोर आलं."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. चार-पाच शब्दांचं काम होतं. वहिनी त्यांच्या मागे उभ्या होत्या, हातात मठ्ठ्याचा पेला. त्यांनी माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, भात थंड होऊन राहिला. तिकडे बसा."

ते गेले. मी वहिनींना जिन्यात गाठलं. "घरातच असतात ते. अकरा वर्षं तुम्ही करताय, आणि त्यांना ओळखूसुद्धा येऊ नये?"

"कसं येईल? त्यांनी कधी पाहिलंच नाही. मी दार लावून घेते."

"काहून पण?" माझ्या तोंडून घरचा शब्द गेला.

"सासूबाईंनीच सांगितलं होतं, बोलता येत होतं तेव्हा. मुलासमोर नको म्हणाल्या. मुख्याध्यापिका होत्या त्या. त्याने मला पेपर वाचून दाखवावा, बाकीचं तू आणि मी बघू, म्हणाल्या." वहिनींनी मठ्ठ्याचा पेला माझ्या हातात दिला. "त्यांना पाहायचं असतं तर कडी वाजवली असती, हेही खरं. दोन्ही खरं आहे. तुम्ही मठ्ठा घ्या."

मी तो घेतला. संध्याकाळभर मी एक राग सांभाळून ठेवला होता, तो कुठे ठेवायचा तेच मला समजेना. सचिवांवर धरावा तर ते आपल्या आईचंच म्हणणं पाळत होते, नकळत का होईना. आजींवर धरण्याचा प्रश्नच नव्हता. वहिनी तर माझ्याकडून काही मागतच नव्हत्या.

पुढच्या बैठकीत नाटकाची चर्चा झाली. वेगळा प्रयोग होता असं सगळे म्हणाले. मराठी कमी पडली असंही म्हणाले. पुढच्या वर्षी अंताक्षरी ठेवायचं ठरलं, तीत सगळ्यांना भाग घेता येतो. सचिवांनी माझे आभार मानले आणि शाल दिली. मुलीला मार्चमध्ये इंदूरला नोकरी मिळाली. तिच्या आईने मला फोन करून विचारलं, तुमच्या नाटकाने तिची मराठी सुधारली का. मी खरं ते सांगितलं, की नाही.

आजी चैत्रात गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा सचिव बाहेरच्या खोलीत लोकांना सांगत होते, शेवटपर्यंत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही, त्या पलंगामुळे. मी आत वहिनींजवळ जाऊन बसले. त्यांनीही ते ऐकलं असणार. दार उघडंच होतं. त्या चेहऱ्यावर काही न दाखवता बसून होत्या, आणि एवढं शिकून, एवढं शिकवून, त्या चेहऱ्यामागे काय चाललं आहे ते मला सांगता आलं नसतं.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "पुन्हा करणार असाल तर कळवा," म्हणाल्या. "आता वेळ आहे. पण दुसरं काम देईन. हे नाही देणार."

कुठलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अजून ठरवलं नाही.

मी शाळेच्या प्राचार्यांकडे हॉलसाठी अर्ज दिला आहे. दोनदा आठवण केली. ते म्हणतात, परीक्षा होऊ द्या. परीक्षा झाल्या, आता म्हणतात, प्रवेश होऊ द्या. वहिनींना काय सांगू ते मला कळत नाही, म्हणून मी त्यांना फोन करायचं टाळते आहे.